मचूळ पाण्याची वाटणी

मुंबईच्या नकाशावर मरोळ शोधले की आजूबाजूला पाणीच पाणी दिसते. वरच्या अंगाला विहार आणि पवई हे दोन तलाव आहेत. त्यांच्या सांडव्यावरून निघालेली मिठी नदी मरोळच्या कडेने कुर्ल्याकडे उतरते आणि पुढे माहीमच्या खाडीला मिळते. सांताक्रूझच्या वेधशाळेत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस मोजला जातो. एवढे असूनही मरोळमधल्या अनेक सोसायट्या, हॉटेले आणि औद्योगिक गाळे पालिकेच्या नळाच्या जोडीला बोअर आणि टँकर यांवर चालतात. बोअरचे पाणी पुष्कळदा मचूळ असते, त्यात डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि शॉवरची भोके वर्षभरात पांढऱ्या थराने बुजून जातात. या पाण्याचे करायचे काय, हा प्रश्न मरोळमध्ये रोजचा आहे. त्याचे उत्तर रसायनशास्त्रात जितके आहे, तितकेच वाटणीच्या हिशेबातही आहे.

पाणी साठवण्याची इथली पहिली युक्ती दोन हजार वर्षांपूर्वीची आहे. मरोळजवळच्या कोंडिविट्याच्या टेकडीवर महाकाली लेणी आहेत. तिथल्या बौद्ध भिक्षूंनी राहायच्या खोल्यांबरोबर खडकात पाण्याची टाकीही कोरली आणि पावसाचे पाणी त्यांत धरले. जमिनीत मुरण्याआधीच पाणी धरले म्हणजे त्याला क्षार लागत नाहीत. ही गोष्ट त्यांना अनुभवाने ठाऊक असणार. पुढे गावे वसली ती विहिरींच्या आधाराने. १५७९ मध्ये जेझुइट पाद्र्यांनी कोंडिविट्याला चर्च बांधले. १८४० मध्ये साथ आली, वस्ती हलली आणि चर्च मरोळ गावात गेले. जुन्या चर्चचे अवशेष आज सीप्झ या निर्यात औद्योगिक क्षेत्राच्या आवारात आहेत. या भागातल्या ईस्ट इंडियन समाजात लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचे पाणी’ आणण्याची रीत आहे. ज्या पाण्याने नवरानवरीला न्हाऊ घालायचे, ते गावच्या विहिरीचे असायचे.

मुंबई शहराला नळाचे पहिले पाणी मिळाले ते १८६० मध्ये, हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याने बांधलेल्या विहार तलावातून. तलाव मरोळच्या शेजारी आणि पाणी गेले दक्षिणेला, बेटावरच्या शहरात. मरोळ तेव्हा शहराच्या हद्दीतच नव्हते. अंधेरीपर्यंतची उपनगरे पालिकेत आली १९५० मध्ये, तोवर विहीर हाच आधार होता. पवईच्या तलावाची कथा तर आपल्या विषयाशी थेट जुळते. १८९१ च्या सुमारास तो शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधला. पाणी पिण्याजोगे नाही असे लवकरच ध्यानात आले, पण म्हणून ते टाकून दिले नाही. आरे वसाहतीला आणि कारखान्यांना बिगर-पिण्याच्या वापरासाठी ते दिले जाऊ लागले. न पिण्याच्या पाण्याची वेगळी वाट काढण्याची कल्पना मरोळच्या परिसराला नवी नाही, एवढे यावरून कळते.

विहिरींवर संक्रांत आली ती डासांमुळे. १९११ मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाच्या कारणांवर अहवाल लिहिला. अ‍ॅनोफिलिस स्टीफन्सी हा डास शहरातल्या उघड्या विहिरींत पैदा होतो, असे त्यांनी दाखवून दिले. त्यानंतर शहरातल्या विहिरी बुजवण्याची किंवा झाकण्याची मोहीम निघाली. पारशी आणि इतर काही समाजांनी धार्मिक कारणांसाठी विरोध केला. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर आजही आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना तिचे पाणी गोडे राहिले आहे. भूजल किती लहरी असते, ते या एका विहिरीवरून समजावे.

साठच्या आणि सत्तरच्या दशकांत मरोळचा चेहरा बदलला. भातशेतीच्या जागी एमआयडीसीचे गाळे आले, १९७३ मध्ये सीप्झ आले, मग हॉटेले आणि कार्यालयांचे काचेचे इमले. नळाचे पाणी पुरेना तसे लोक बोअरकडे वळले. बोअर ज्याच्या त्याच्या आवारातली खासगी गोष्ट असली, तरी खालचे पाणी सामायिक असते. त्यामुळे शेजारच्याने दहा मीटर खोल पंप सोडला की आपला पंप कोरडा ओढू लागतो. ज्यांच्याकडे बोअरही नाही, त्यांच्या दारात टँकर उभा राहतो. १० एप्रिल २०२५ ला मुंबईच्या टँकरमालकांनी केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या परवान्याच्या नियमांविरुद्ध संप केला, तेव्हा या व्यवस्थेचा आवाका साऱ्या शहराला दिसला. पालिकेने आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेऊन टँकर ताब्यात घेण्याची तयारी केली आणि चार-पाच दिवसांत संप मिटला. मुद्दा असा की हे टँकर विहिरींचे आणि बोअरचे पाणी वाहतात, आणि ते पिण्यासाठी नसते. गच्चीवरच्या टाकीत ते एकदा नळाच्या पाण्यात मिसळले की मात्र पिण्याचे कुठले आणि न पिण्याचे कुठले, हे सांगायला कोणी उरत नाही.

आता पाणी मचूळ का होते ते पाहू. मरोळखाली दख्खनचा ज्वालामुखी खडक, म्हणजे बेसॉल्ट, आहे. वाळूच्या थरात पाणी सगळीकडे सारखे पसरते. बेसॉल्टमध्ये तसे होत नाही. त्याच्या कुजलेल्या वरच्या थरात, भेगांत आणि दोन लाव्हाप्रवाहांच्या सांध्यांत पाणी सापडते. एका बोअरला भरपूर पाणी आणि वीस मीटरवरच्या दुसऱ्याला नुसता फुफाटा, असे घडते ते यामुळे. खडकातून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेते. हा झाला जडपणा. त्याने भांड्यावर थर धरतो, पण जीभ खारट होत नाही. खारटपणा येतो तो मुख्यतः सोडियम आणि क्लोराइड यांनी, आणि त्याच्या वाटा वेगळ्या. खाडीजवळच्या भागात समुद्राचे पाणी आत शिरते. खाडीपासून दूर, मरोळसारख्या उंचवट्यावरच्या दाट वस्तीत सांडपाण्याचा संशय आधी घ्यावा लागतो, कारण माणसाच्या मूत्रात मीठ असते आणि गळक्या मलवाहिन्या व जुन्या शोषखड्ड्यांतून ते जमिनीत उतरते. क्लोराइडच्या जोडीने नायट्रेटही वाढलेले दिसले, तर दोष समुद्राला देण्यापूर्वी गटाराकडे पाहावे.

समुद्राचे पाणी जमिनीखाली कसे शिरते, त्याचा नियम मात्र सांगण्यासारखा आहे. नेदरलँड्समधल्या बादोन गिबेन यांनी १८८८-८९ मध्ये आणि जर्मनीतल्या हर्झबर्ग यांनी १९०१ मध्ये तो स्वतंत्रपणे मांडला. गोडे पाणी हलके, खारे जड. किनाऱ्यालगतच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्यावर तरंगत असते. घनतेतला फरक जेमतेम अडीच टक्के असल्याने, समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल तर सपाटीच्या खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी मिळते. हाच हिशेब उलटा केला की धडकी भरते, कारण उपसा करून वरची पातळी एक मीटरने खाली आणली तर खालून खारे पाणी चाळीस मीटर वर येऊ शकते. भेगाळ बेसॉल्टमध्ये हे गणित इतके नेमके चालत नाही. तिथे खारे पाणी एखाद्या भेगेतून सरळ पंपापर्यंत येते आणि शेजारची भेग गोडीच राहते.

या सगळ्यात मिठीची भर आहे. तिच्या काठाने भंगाराचे, ड्रम धुण्याचे, रसायनांचे धंदे वाढले आणि सांडपाणी नदीत जात राहिले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, नदीने पात्र सोडले, आणि शहराला तिची आठवण झाली. नदीचे तळपाणी आणि काठच्या विहिरींचे पाणी एकमेकांशी देवघेव करत असते. औद्योगिक पट्ट्यातल्या बोअरमध्ये म्हणून नुसता खारटपणा मोजून भागत नाही, जड धातू आणि द्रावके यांचीही तपासणी करावी लागते.

तपासणीचा अहवाल वाचता येणे ही या विषयातली अर्धी लढाई आहे. भारतीय मानक आयएस १०५००, २०१२ ची आवृत्ती, पिण्याच्या पाण्यासाठी दोन रेषा आखते. पहिली स्वीकारार्ह मर्यादा. दुसरी, दुसरा स्रोतच नसेल तर चालवून घेण्याची. विरघळलेल्या एकूण क्षारांसाठी, म्हणजे सगळे ज्याला टीडीएस म्हणतात त्यासाठी, लिटरला ५०० आणि २,००० मिलिग्रॅम. जडपणासाठी २०० आणि ६००. क्लोराइडसाठी २५० आणि १,०००. नायट्रेटला मात्र ४५ च्या वर सवलत नाही, कारण बाटलीच्या दुधावर वाढणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती त्याने कमी होते. ई. कोलाय जिवाणू १०० मिलिलिटरमध्ये एकही चालत नाही.

खिशातला टीडीएस मीटर या यादीतले फार थोडे सांगतो. पेनाएवढे ते यंत्र पाण्यातून वीज किती वाहते ते मोजते आणि ठरावीक गुणकाने त्याचा आकडा दाखवते. फिल्टर विकायला आलेला माणूस तो नळाखाली धरतो, आकडा २१० दाखवतो आणि चेहरा गंभीर करतो. २१० हा अगदी चांगला आकडा आहे. उलट ९० दाखवणाऱ्या पाण्यात विषमज्वराचे जंतू असू शकतात आणि मीटरला त्यांची गंधवार्ता नसते. त्यामुळे बोअरच्या पाण्याची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतूनच करून घ्यावी, तीही वर्षातून दोनदा, मे अखेरीस आणि पावसाळा सरल्यावर. मेमध्ये पातळी खाली गेलेली असते आणि क्षारांचा आकडा चढलेला. पावसाने तो उतरतो, पण त्याच पावसाने वरची घाण खाली गेलेली असते.

शुद्धीकरणाची साखळी सुरू होते क्लोरीनपासून. पंपघरात निळ्या कॅनमध्ये जे ‘हायपो’ ठेवलेले असते, ते सोडियम हायपोक्लोराइट. तळटाकीत ते पडल्यावर निदान अर्धा तास पाणी थांबले पाहिजे, तरच जंतू मरतात. विहिरीत मैला झिरपत असेल तर पाण्यात अमोनिया असतो आणि पहिला क्लोरीन तोच खाऊन टाकतो. हायपो ओतूनही नळाला क्लोरीन सापडत नाही, अशी तक्रार आली की ती विहिरीच्या बिघडलेल्या आरोग्याची खूण समजावी. पाण्यात लोह असेल तर ते क्लोरीनने गंजासारखे साकळते आणि पुढच्या वाळूच्या फिल्टरमध्ये अडकते. मग सक्रिय कोळशाचा फिल्टर येतो. तो वास, रंग आणि बरीचशी द्रावके शोषून घेतो. हे दोन्ही फिल्टर उलट्या प्रवाहाने धुवावे लागतात, ज्याला सगळे बॅकवॉश म्हणतात. ते काम वॉचमनवर सोपवलेले असते, आणि वॉचमन बदलला की बॅकवॉश बंद पडतो. कोट्यवधींच्या इमारतीतल्या पाण्याचे आरोग्य पुष्कळदा एका मल्टिपोर्ट व्हॉल्व्हच्या दांड्यावर अवलंबून असते.

पुढचा टप्पा सॉफ्टनरचा, आणि इथे मोठा गैरसमज आहे. सॉफ्टनर बसवला म्हणजे खारे पाणी गोडे झाले, असे सोसायट्यांच्या अनेक कमिट्या धरून चालतात. सॉफ्टनरच्या नळकांड्यात राळेचे बारीक पिवळसर मणी असतात. त्यांवर सोडियम बसवलेले असते. जड पाणी त्यांतून गेले की मणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पकडून ठेवतात आणि सोडियम सोडतात. साबणाला फेस येऊ लागतो, गिझरमध्ये थर धरत नाही, पण एकूण क्षार तेवढेच राहतात. जडपणा ५०० असलेले पाणी असे मऊ केले तर त्यात लिटरला सुमारे २३० मिलिग्रॅम सोडियमची भर पडते. रक्तदाबाच्या माणसाने ते पिऊ नये. शिवाय मणी थकले की त्यांना मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजे करावे लागते. अशा पाण्याच्या दर हजार लिटरमागे साधारण एक ते दीड किलो मीठ लागते आणि ते सगळे गटारात जाते. फ्लशचे पाणीही सॉफ्टनरमधून नेणाऱ्या सोसायट्या आहेत. संडासात साबणाचा फेस कुणाला हवा असतो, कळत नाही.

क्षार खरोखर काढायचे तर मेंब्रेन लागते. फ्रान्समध्ये आबे नोले यांनी १७४८ मध्ये डुकराच्या मूत्राशयाचे कातडे भांड्यावर ताणून दाखवले होते की काही पडदे पाण्याला वाट देतात आणि त्यात विरघळलेल्या पदार्थाला अडवतात. अशा पडद्याच्या एका बाजूला खारे आणि दुसऱ्या बाजूला गोडे पाणी ठेवले तर गोडे पाणी आपोआप खाऱ्याकडे जाते. ही ओढ उलटवायची तर खाऱ्या बाजूने जोर लावावा लागतो. यालाच रिव्हर्स ऑस्मोसिस किंवा आरओ म्हणतात. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५,००० मिलिग्रॅम क्षार असतात आणि त्याची ओढ वातावरणाच्या दाबाच्या सत्तावीस पट भरते. मरोळच्या एखाद्या १,५०० टीडीएसच्या बोअरमध्ये ती जेमतेम एक पट असते. समुद्राला ५५ ते ७० पट दाब लावतात, मचूळ पाण्याला दहा-पंधरा पटींत काम होते. विजेचा खर्चही त्याच प्रमाणात उतरतो.

दोनशे वर्षे हे तत्त्व पुस्तकात राहिले, कारण मीठ अडवणारा पडदा पाणीही थेंबाथेंबानेच सोडत असे. १९५९-६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या प्रयोगशाळेत सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन यांनी सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा असा पडदा बनवला की ज्याची मीठ अडवणारी कातडी अतिशय पातळ होती आणि तिच्याखाली आधाराला सच्छिद्र थर होता. पाण्याचा वेग कितीतरी वाढला. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोअलिंगा या तेलविहिरींच्या गावात त्यांच्या पद्धतीचे संयंत्र सुरू झाले. कोअलिंगाचे भूजल मचूळ होते. एकेकाळी तिथे पिण्याचे पाणी रेल्वेच्या टाक्यांतून येई आणि घरोघरी तीन नळ असत, गरम, थंड आणि तिसरा पिण्याचा. मरोळच्या माणसाला यातला टँकर ओळखीचा वाटेल. तिसरा नळ मात्र आपण घेतला नाही, आणि घ्यायला हवा होता असे मला वाटते.

आजचे मेंब्रेन पॉलिअमाइडचे असते. निकामी झालेले चार इंची मेंब्रेन करवतीने उभे कापले की आत काय असते ते दिसते. मध्ये भोके पाडलेली प्लास्टिकची नळी, आणि तिच्याभोवती सुरळीच्या वडीसारखी गुंडाळलेली पाने. एका मीटरभर लांबीच्या नळकांड्यात सात-आठ चौरस मीटर पडदा मावतो, म्हणजे लहानशा खोलीची जमीन झाकेल इतका. प्रत्येक पान तीन बाजूंनी चिकटवलेले असते आणि चौथी बाजू मधल्या नळीत उघडते. पाणी पडद्याच्या आरपार जाते, पानाच्या पोटातून फिरत नळीत येते आणि बाहेर पडते. कापलेल्या पानावर बोट फिरवले तर बुळबुळीत तपकिरी थर लागतो. ती जिवाणूंची वसाहत असते. कडेला नखाने खरवडले की पांढरी कणी निघते, ती चुन्याची. प्रत्यक्ष मीठ अडवणारी पॉलिअमाइडची कातडी मिलिमीटरच्या पाच-दहा हजाराव्या भागाएवढीच जाड असते. एवढ्याशा पापुद्र्यावर दहा वातावरणांचा दाब उभा असतो आणि तरी शंभरातले पंचाण्णव-सत्त्याण्णव भाग क्षार मागे राहतात.

या पापुद्र्याचे दोन वैरी आहेत, चुना आणि क्लोरीन. चुना साकळू नये म्हणून आधी अँटिस्केलंट नावाचे रसायन थेंबाथेंबाने सोडतात. क्लोरीन तर पॉलिअमाइडला खाऊनच टाकतो. म्हणजे जंतू मारण्यासाठी जो क्लोरीन सुरुवातीला घातला, तो मेंब्रेनच्या आधी कोळशाने किंवा सोडियम बायसल्फाइटने काढून टाकावा लागतो आणि नंतर साठवणुकीच्या टाकीत पुन्हा घालावा लागतो. मेंब्रेनमधून आलेले पाणी थोडे आम्लही असते, कारण कार्बन डायऑक्साइड वायू पडद्यातून सहज पार होतो. असे पाणी धातूचे पाइप चाटून खाते, म्हणून पिण्याआधी ते चुनखडीच्या खड्यांवरून नेतात. सगळा चुना काढायचा आणि मग चिमूटभर परत घालायचा, असा हा प्रकार आहे.

आणि मागे राहिलेल्या क्षारांचे काय? ते बाहेर पडणाऱ्या पाण्यात जातात. धंद्यात त्याला रिजेक्ट म्हणतात. घरगुती यंत्रात पुष्कळदा आत गेलेल्या पाण्याचा तीन-चतुर्थांश भाग रिजेक्ट होऊन मोरीत जातो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये म्हटले की जिथे टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे तिथे आरओ लावू नये, आणि जिथे लावायचे तिथे निदान ६० टक्के पाणी वापरात यावे. मुंबईच्या नळाला भांडुपच्या केंद्रातून येणारे पाणी तलावांतले, पावसाचे. त्यात क्षार इतके कमी असतात की ते आरओमधून गाळणे म्हणजे धुतलेले तांदूळ पुन्हा निवडणे. निव्वळ पालिकेच्या नळावर चालणाऱ्या घरात आरओ कशासाठी, याचे पटणारे उत्तर मला अजून मिळालेले नाही. गळक्या पाइपची किंवा अस्वच्छ टाकीची भीती असेल तर पाणी उकळावे किंवा अतिनील दिवा लावावा.

वाटणीचा हिशेब इथून सुरू होतो. समजा मरोळमध्ये शंभर घरांची, साडेचारशे माणसांची सोसायटी आहे. राष्ट्रीय इमारत संहिता माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरते आणि त्यातले ४५ लिटर फ्लशसाठी. म्हणजे फ्लशला २०,२५० लिटर. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी पाच लिटर धरले तर २,२५० लिटर. पहिला हक्क पालिकेच्या नळाचा आहे, आणि नळाचे पाणी पिण्याला आणि स्वयंपाकालाच आधी द्यावे. नळच कमी पडला आणि बोअरवर वेळ आली असे धरू. बोअरचा टीडीएस १,५००. आरओने ६० टक्के पाणी दिले तर २,२५० लिटरसाठी ३,७५० लिटर आत घ्यावे लागेल आणि १,५०० लिटर रिजेक्ट निघेल, सुमारे ३,७०० टीडीएसचे. हे रिजेक्ट फ्लशच्या टाकीत सोडले आणि उरलेले १८,७५० लिटर बोअरचे पाणी नुसते गाळून, क्लोरीन घालून त्यात मिळवले, तर मिश्रणाचा टीडीएस १,६६० च्या आसपास भरतो. १,५०० चे १,६६०! संडासाच्या टाकीला त्याचा पत्ताही लागत नाही. एक थेंब वाया गेला नाही, मेंब्रेन लहान लागले आणि सॉफ्टनरचे मीठही वाचले.

अट एकच. फ्लशच्या पाइपचे जाळे वेगळे पाहिजे. नव्या इमारतीत ते सोपे, जुन्यात कटकटीचे आणि खर्चाचे. फ्लशचे पाणी पिण्याचे नसले तरी त्याचे तुषार उडतात, हातापायाला लागतात, म्हणून त्यात क्लोरीन हवाच. दोन जाळ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून पाइपांना वेगवेगळे रंग द्यावेत आणि दर दुरुस्तीनंतर तपासणी करावी. प्लंबरने घाईत एक जोड चुकवला तर साऱ्या मजल्याला जुलाब होतात.

मरोळला निदान निवड आहे. विदर्भातल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतल्या सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरच्या खारपाणपट्ट्यात, ती फारशी नाही. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर, तरी गाळाच्या थरांतले भूजल खारे. विहीर खोल नेली तर पाणी अधिकच खारे लागते. तिथे मूत्रपिंडाच्या आजारांची तक्रार वर्षानुवर्षे आहे. मोठा उपाय ठरला तो नळयोजनांचा, जसे वान धरणावरून ८४ खेड्यांना पाणी देणारी योजना. जोडीला गावोगाव आरओची केंद्रे निघाली, पण तिथल्या रिजेक्टला मरोळसारखी शेकडो फ्लशची वाट नाही. ते गावाबाहेरच्या नाल्यात सुटले तर फिरून त्याच भूजलात मिळते.

मुंबईने समुद्राकडेही पाहिले आहे. मनोरी इथे दिवसाला २० कोटी लिटर समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या प्रकल्पासाठी पालिकेने जून २०२१ मध्ये इस्रायलच्या आयडीई कंपनीशी करार केला. समुद्राच्या हजार लिटर पाण्याला साधारण तीन ते चार युनिट वीज लागते, म्हणजे पूर्ण क्षमतेला रोज सात लाख युनिटांच्या घरात. विद्या आपल्या दाराशीच आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने कल्पाक्कमला दिवसाला ६३ लाख लिटरचे संयंत्र उभारले आणि भावनगरच्या केंद्रीय मीठ संशोधन संस्थेने मचूळ पाण्याची मेंब्रेने देशात बनवली. पण फ्लशला दहा वातावरणांचा दाब सोडाच, एक वातावरणही लावायची गरज नसताना समुद्र गाळून तो संडासात ओतणे मला उधळपट्टी वाटते.

मरोळमधल्या मोठ्या संकुलांत आता सांडपाणी शुद्ध करून तेच फ्लशला आणि बागेला फिरवतात. हे चांगलेच, फक्त एक गोष्ट ध्यानात असावी. जैविक प्रक्रिया घाण खाते, मीठ खात नाही. प्रत्येक फेरीला माणसांचे आणि साबणाचे क्षार वाढत जातात आणि बागेतल्या झाडांची पाने कडेने करपू लागली की मगच ते माळ्याला कळते. त्यावर उपाय म्हणजे अधूनमधून काही पाणी बाहेर सोडणे आणि त्या जागी गोडे पाणी आणणे. गोड्या पाण्याचा सर्वांत स्वस्त साठा गच्चीवर पडतो. हजार चौरस मीटरच्या गच्चीवर २,३०० मिलिमीटर पाऊस म्हणजे २३ लाख लिटर. गळती आणि वाफ वजा जाता १८ लाख धरा. आपल्या त्या काल्पनिक सोसायटीची बोअरची रोजची २२,५०० लिटरची गरज यातून ऐंशी दिवस भागेल. २००२ मध्ये पालिकेने हजार चौरस मीटरवरच्या भूखंडांवरील नव्या इमारतींना पर्जन्यसंचय सक्तीचा केला तो याच हिशेबाने. बेसॉल्ट सगळे पाणी धरून ठेवत नाही, काही भेगांतून मिठीकडे निघून जाते, पण जे राहते ते बोअरचा खारेपणा खाली आणते. बोअरमध्ये सोडायचे ते गच्चीचेच पाणी, तेही पहिल्या दोन-तीन सरी वाहून गेल्यावर. वाहनतळाचे नाही, कारण औद्योगिक वस्तीतल्या वाहनतळावर तेल सांडलेले असते आणि एकदा ते भेगेत गेले की वाळूचा फिल्टर, सॉफ्टनर आणि मेंब्रेन यांपैकी कोणीही ते नीट काढू शकत नाही.